नाशिककरांनो, छतावरचं सोलर नेट मीटरपर्यंत कसं न्यायचं

उन्हाळ्याचं पहिलं बिल आलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास मेसेज पडतो, "सोलर लावायचंय, कुणाकडे चांगला नंबर आहे का", आणि दहा मिनिटांत चार व्हेंडरचे नंबर येतात. तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. पॅनल छतावर चढवायला दोन-तीन दिवस पुरतात, लोक अडकतात ते त्याच्या आधीच्या कागदांत आणि त्याच्या नंतरच्या मीटरमध्ये. सिडको, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव सगळीकडे हेच बघितलंय, छतावर चकाचक पॅनल आणि खाली जुनाच मीटर, महिना उलटला तरी सिस्टीम बंद. म्हणून हा लेख नवीन माणसासाठी, स्वतःच्या घरावर सोलर लावून ते महावितरणच्या लाईनला रीतसर जोडायचं असेल तर काय, कोणत्या क्रमाने आणि का.

आधी हे नक्की समजून घ्या की तुम्ही काय विकत घेताय. आपण इथे बोलतोय ऑन-ग्रिड, म्हणजे लाईनला जोडलेल्या सिस्टीमबद्दल. पॅनल डीसी करंट तयार करतात, इन्व्हर्टर त्याचा एसी करतो आणि ती वीज आधी तुमच्या घरात वापरली जाते, उरलेली नेट मीटरमधून, म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणाऱ्या मीटरमधून, बाहेर लाईनवर जाते. रात्री सोलर शून्य, तेव्हा नेहमीसारखी लाईनची वीज आत येते. यात बॅटरी नसते. आणि म्हणूनच, हे शंभर वेळा सांगावं लागतं, लाईट गेली की तुमचं सोलरपण बंद पडतं, भर दुपारी कडक ऊन असलं तरी. हा बिघाड नाही, मुद्दाम तशी सोय असते. खांबावर वायरमन काम करत असताना तुमच्या छतावरून लाईनमध्ये करंट गेला तर त्याच्या जिवावर बेतेल, त्यामुळे लाईन गेल्याचं कळताच इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. लाईट गेल्यावरही घर चालू पाहिजे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, तो खर्च बराच वेगळा आहे. ज्या भागात लाईट फारशी जात नाही तिथे बॅटरीत पैसे घालायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे, घरात आधीपासून साधा बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर दोन पंखे आणि चार दिवे त्याच्यावर भागतात.

आता कामाला लागू. कपाटातून महावितरणचं बिल काढा, किंवा ॲपवर बघा, आणि चार गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे नाव. बिलावर कुणाचं नाव आहे? पंचवटी, जुनं नाशिक, नाशिक रोडकडच्या जुन्या घरांमध्ये बिल अजून आजोबांच्या नावावर असतं, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी. रोजचं बिल भरायला त्याने काही अडत नाही, पण सोलरचा अर्ज, महावितरणशी होणारा नेट मीटरचा करार, सबसिडी येणारं बँक खातं, या सगळ्यात नाव एकच लागतं. नाव, आडनाव, मधलं नाव, स्पेलिंगसकट. तेव्हा नाव बदलायचं असेल तर ते आधी करा, ॲपवरून किंवा तुमच्या उपविभागाच्या ऑफिसात, घरपट्टीची पावती किंवा इंडेक्स टू (घराच्या खरेदी-नोंदणीचा उतारा), वारसाचं प्रकरण असेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती घेऊन. हे काम व्हेंडर करून देतो म्हणतात, पण भावा-बहिणींच्या सह्या कोण आणणार, ते तुम्हालाच करावं लागतं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

दुसरी गोष्ट थकबाकी, काही असेल तर भरून टाका. तिसरी मंजूर भार, म्हणजे तुमच्या कनेक्शनला महावितरणने मंजूर केलेली क्षमता, बिलावर किलोवॅटमध्ये लिहिलेली असते. जेवढ्या किलोवॅटचं सोलर लावायचंय तेवढा मंजूर भार हवा. एक चांगला बदल झालाय, केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक व्यवहार्यता तपासणी, म्हणजे लाईनला तेवढं सोलर पेलेल का ही तपासणी, लागत नाही, अर्ज मंजूर धरला जातो आणि लागेल तेवढा भार वीज कंपनीने स्वतःच वाढवून द्यायचा असतो. पण अर्ज करायच्या आधी विचारून घ्या की भार वाढल्यावर सिंगल फेजचं कनेक्शन थ्री फेज करावं लागणार आहे का, कारण थ्री फेजला दरमहा स्थिर आकार जास्त लागतो. साध्या ३ किलोवॅटसाठी हा प्रश्न सहसा येत नाही.

चौथी आणि सगळ्यात कामाची म्हणजे मागच्या बारा महिन्यांची युनिट. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, बाराही महिन्यांची बेरीज करा, एकट्या मे महिन्याचं बिल बघून घाबरून ५ किलोवॅट लावू नका. आपल्याकडे १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२० आणि वर्षाला साधारण १४०० धरून चाला. समजा तुमचा वर्षाचा वापर ३६०० युनिट आहे, त्याला १४०० ने भागा, २.६ येतं, म्हणजे ३ किलोवॅट भरपूर झालं. पुढच्या वर्षी एसी घेणार असाल, इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल, तर ते धरा. नाहीतर गरजेपेक्षा मोठं लावून फायदा नाही, का ते खाली बिलाच्या भागात सांगतो. आणि ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आतच आहे त्यांनी शांतपणे हिशोब करावा, कारण पहिल्या शंभर युनिटचा दर मुळात कमी आहे, सोलरचा खरा पैसा वाचतो तो १०१ ते ३०० आणि ३०१ ते ५०० च्या स्लॅबमध्ये. कमी वापर असणाऱ्यांसाठी राज्याची स्मार्ट नावाची वेगळी योजना आहे, त्यात केंद्राच्या सबसिडीवर राज्याची भर पडते, तुम्ही त्यात बसता का ते महावितरणच्या साईटवर नक्की बघा.

हिशोब जमला की छतावर जा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते, ३ किलोवॅट म्हणजे हल्लीच्या ५४०-५५० वॅटचे सहा पॅनल, एकेक पॅनल सव्वादोन मीटरपेक्षा लांब आणि २८ किलोच्या आसपास वजनाचा. तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश. जागेपेक्षा सावली महत्त्वाची. नाशिक २० अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि छतावर सावली जवळपास नसतेच, तेव्हा व्हेंडर येऊन म्हणतो एकदम क्लिअर आहे. डिसेंबरमध्ये तोच सूर्य भर दुपारीसुद्धा फक्त ४६-४७ अंशांवर असतो, म्हणजे एक मीटर उंच टाकीची सावली बारा वाजता जवळपास एक मीटर पडते आणि सकाळी नऊला त्याच्या दुप्पट-तिप्पट. दक्षिणेकडे शेजाऱ्याची पाण्याची टाकी, जिन्याची खोली, नारळ, काहीही असेल तर थंडीतली सावली कुठे येते ते मोजून मगच पॅनलची जागा ठरवा. पॅनल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी अख्ख्या ओळीचं उत्पादन पडू शकतं.

स्ट्रक्चर उंच करायचं की बुटकं हा ज्याच्या त्याच्या गच्चीचा प्रश्न. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पापड-कुरडयांचं वाळवण गच्चीवरच असतं, गाद्या उन्हात टाकायच्या असतात, त्यामुळे घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय बुटकं स्ट्रक्चर ठरवू नका, सहा-सात फूट उंच केलं तर खाली सगळं चालतं, फक्त वारा जास्त लागतो म्हणून पाइप जाड, गॅल्वनाइज्ड आणि पाय नीट अँकर केलेले पाहिजेत. स्लॅबला भोकं पाडणार असतील तर त्यांनी वॉटरप्रूफिंग कसं करणार ते लेखी द्यावं, कोब्यात एकदा पाणी शिरलं की पावसाळाभर गळती शोधत बसावं लागतं.

यानंतर अर्ज. घरगुती ग्राहकासाठी रस्ता पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरून जातो, ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. सबसिडी पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० आणि त्याच्या वर कितीही लावा, तेवढीच. नोंदणी करताना राज्य महाराष्ट्र, कंपनी महावितरण, बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक आणि मोबाईल नंबर. मोबाईल नंबर तुमचाच टाका. व्हेंडरचा माणूस "द्या साहेब मी करतो" म्हणून स्वतःचा नंबर टाकतो, मग ओटीपी त्याच्याकडे, अर्ज कुठवर आलाय ते त्यालाच दिसतं, आणि उद्या त्याच्याशी वाजलं तर तुमच्याच अर्जात तुम्हाला शिरता येत नाही. त्याला शेजारी बसवून अर्ज भरा, हरकत नाही, पण लॉगिन तुमचं असू द्या.

व्हेंडर पोर्टलवर नोंदणी झालेलाच लागतो, नाहीतर सबसिडी नाही. तीन कोटेशन घ्या. ३ किलोवॅटला दीड ते दोन लाखांच्या आसपास आकडा येतो, यापेक्षा खूप स्वस्त कुणी सांगितलं तर काय कमी केलंय ते शोधा, वायर, स्ट्रक्चर की अर्थिंग, यातलंच काहीतरी असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, कोटेशन जुन्या दराने तर नाही ना तेही बघा. पॅनल डीसीआर, म्हणजे भारतात बनवलेल्या सेलचे, हवेत, सबसिडीची ती अट आहे, आणि प्रत्येक पॅनलचा सिरीयल नंबर पोर्टलवर चढतो, तेव्हा टेम्पो आला की पॅनलच्या मागच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा. पाच वर्षांची देखभाल व्हेंडरच्या गळ्यात आहे हे करारात दिसलं पाहिजे. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता नेट मीटर चालू झाल्यावरच, हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर पॅनल बसल्यावर फोन उचलणं कमी होतं. सबसिडी थेट तुमच्या खात्यात येते, व्हेंडरच्या नाही. ज्यांना एकरकमी जमत नाही त्यांना सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत दोन लाखांपर्यंतचं कर्ज विनातारण देतात, व्याजही सहसा गृहकर्जापेक्षा कमीच असतं.

बसवायच्या दिवशी कुणीतरी घरी थांबा आणि अर्थिंगकडे डोळ्यात तेल घालून बघा. तीन वेगळे खड्डे लागतात, एक डीसी बाजूचा, एक एसी बाजूचा आणि एक वीज पडण्यापासून बचाव करणाऱ्या अरेस्टरचा. आपल्या नाशिकची जमीन म्हणजे वर थोडी माती-मुरूम आणि खाली काळा कातळ, दोन फुटांवर पहार टणकन वाजते, मग काम करणारी पोरं रॉड अर्धाच ठोकतात, वरचा कापून टाकतात आणि वर सिमेंटचं झाकण बसवून मोकळी होतात. वरून काही कळत नाही. म्हणून झाकण बसायच्या आधी अर्थ टेस्टर लावून रीडिंग दाखवायला सांगा, ५ ओहमच्या आत आलं तर छान, नाही आलं तर जागा बदला किंवा केमिकल अर्थिंग (रॉडभोवती खास पावडर भरून केलेलं) करा. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात जेव्हा वीज कडाडते तेव्हा हे काम उपयोगाला येतं. इन्व्हर्टर गच्चीवर उघड्या उन्हात लावू देऊ नका, जिन्याखाली किंवा सावलीच्या भिंतीवर, हवा खेळती राहील असा लावा. डीसी वायर पाइपातून आणा, पॅनलखाली लोंबकळत ठेवू नका, सहा पॅनलच्या ओळीत २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतो, मुलं गच्चीवर पतंग उडवायला जातात हे लक्षात ठेवा.

आता सगळ्यात मोठी सूचना. नेट मीटर बसेपर्यंत सिस्टीम चालू करायची नाही. व्हेंडर पैसे सुटावेत म्हणून म्हणतो, "करा चालू, मीटर येईल नंतर." जुने बरेचसे इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कुठल्या दिशेने चाललीय ते वेगळं मोजत नाहीत, करंट गेला की युनिट वाढवतात. म्हणजे तुम्ही दुपारी लाईनला दिलेली वीजसुद्धा तुम्ही वापरली म्हणून मोजली जाते आणि बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. शिवाय परवानगीशिवाय लाईनला वीज सोडणं नियमातही बसत नाही आणि वायरमनच्या दृष्टीने धोक्याचं आहे. टेस्टिंगपुरतं दहा मिनिटं चालवून बंद, आणि एमसीबी (मेन स्विच) खाली.

काम झालं की व्हेंडर पोर्टलवर फोटो आणि तपशील चढवतो, नेट मीटरिंगच्या करारावर तुमची सही होते, उपविभागातून माणूस तपासणीला येतो, लाईन बंद केल्यावर इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो का ते बघतो, मग मीटर बदलला जातो. मीटर लागला की त्याच्यावरचे सुरुवातीचे आयात (लाईनकडून घेतलेली वीज) आणि निर्यात (लाईनला दिलेली) असे दोन्ही आकडे आणि जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, तिन्हीचे फोटो काढा, पुढे बिलात घोळ झाला तर हाच पुरावा. कोटेशनमध्ये मीटरच्या नावाने रक्कम लावली असेल तर ती नक्की कशाची ते लेखी विचारा. मग पोर्टलवर कमिशनिंग सर्टिफिकेट, म्हणजे सिस्टीम चालू झाल्याचा दाखला, येतं, त्यानंतर बँक खातं आणि रद्द केलेला चेक टाकायचा, सबसिडी साधारण महिन्याभरात जमा होते. कुठे अडलं तर आधी तुमच्या उपविभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, १९१२ वर तक्रार नोंदवून नंबर घ्या, तोंडी बोलण्यावर राहू नका.

पहिलं बिल आलं की बरेच जण गोंधळतात, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा महिन्यात सोलरने ३५० युनिट केली. मीटरवर निर्यात दिसते २६०. म्हणजे ९० युनिट दिवसा घरातच वापरली गेली, ती मीटरपर्यंत पोचलीच नाहीत. रात्री आणि ढगाळ वेळी लाईनकडून घेतलेली, म्हणजे आयात, २४०. तुमचा खरा वापर झाला ९० अधिक २४०, म्हणजे ३३०. बिलात २४० मधून २६० वजा होतात, उरतात २० जास्तीची, ती पुढच्या महिन्यासाठी जमा राहतात. पैसे किती? वीज आकार शून्य, पण स्थिर आकार येतोच, त्यामुळे "मोफत वीज" म्हणून बिल एकदम शून्य येईल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि मोबाईलच्या ॲपवर दिसणारी ३५० युनिट बिलात कुठेच सापडत नाहीत म्हणून भांडायलाही जाऊ नका, बिल चालतं ते आयात-निर्यातीवर.

जमा युनिटचं खातं ३१ मार्चला बंद होतं. उरलेल्या युनिटचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, पण तो दर आपण वीज घेतो त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ, हवा थंड, सोलर जोरात आणि घरात पंखा-कूलर बंद, म्हणजे सगळ्यात जास्त युनिट साठतात ती याच काळात, आणि एप्रिलची पाटी कोरी होते. गरजेपेक्षा मोठी सिस्टीम लावायला मी नको म्हणतो ते यासाठीच. एप्रिल-मेमध्ये उत्पादनही चांगलं असतं त्यामुळे भागतं, जुलै-ऑगस्टमध्ये मात्र उत्पादन जवळपास निम्म्यावर येऊ शकतं, तेव्हा बिल आलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

चालू झाल्यावर एक तक्रार हल्ली जास्त ऐकू येते, भर दुपारी बारा ते दोनमध्ये इन्व्हर्टर मधेच बंद पडतो आणि परत चालू होतो. स्क्रीनवर ग्रिड ओव्हर व्होल्टेज लिहून येतं. ट्रान्सफॉर्मरपासून लांब, लाईनच्या टोकाला असलेल्या घरांत आणि एकाच गल्लीत बरीच सोलर झाली की दुपारी व्होल्टेज चढतो, २५३ च्या वर गेला की इन्व्हर्टर स्वतःला तोडतो. आधी इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल पुरेशी जाड आहे का ते बघायला सांगा, लांब आणि बारीक केबलने व्होल्टेज आणखी चढतो. ती ठीक असेल तर दुपारच्या व्होल्टेजचे स्क्रीनशॉट वेळेसकट जोडून महावितरणला अर्ज द्या, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून किंवा फेजवरचा लोड वाटून हे सुटतं. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून अर्ज दिला तर लवकर दखल घेतली जाते.

देखभाल फार नाही. पंधरा दिवसांनी सकाळी ऊन चढायच्या आत साध्या पाण्याने पॅनल धुवायचे, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, आणि बोअरचं जड पाणी असेल तर पुसून घ्यायचं नाहीतर पांढरे डाग बसतात. पारवे पॅनलखाली घरटी करतात, जाळी लावून घ्या. गारपिटीची भीती निफाड-दिंडोरीकडच्या लोकांना जास्त, ते बरोबरच आहे, पॅनलची काच २५ मिलिमीटरच्या गारेसाठी तपासलेली असते, त्याहून मोठी गार पडली तर सांगता येत नाही, म्हणून घराच्या विम्यात सोलर घालून घ्या.

शेवटी ज्यांचं घर वेगळ्या गटात बसतं त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या कॉमन मीटरवर लावावं, लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे त्यावर चालतात, तिथे सबसिडी किलोवॅटला १८,००० रुपये आहे, आधी सर्वसाधारण सभेचा ठराव करा. सातपूर-अंबडचे कारखाने आणि दुकानांना नेट मीटर मिळतो, पण ही सबसिडी मिळत नाही. आणि शेतावरचा सौर पंप हे पूर्ण वेगळं प्रकरण, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतला पंप लाईनला जोडलेला नसतो, त्याला नेट मीटर नाही, त्याचा अर्जही वेगळ्या ठिकाणी होतो, तेव्हा गावाकडचा पंप आणि नाशिकचं घर या दोन्हीचे कागद एका फाईलमध्ये मिसळू नका.